खसखस

आईने अनारसे पाठवायचे ठरवले तेव्हा
मी फोनवर ओरडलेच : खसखस लावू नकोस,
इथे खसखशीच्या दाण्यालाही तुरुंग आहे.
आले ते साखरेवर थापलेले,
एका बाजूने टक्कल पडल्यासारखे.
जाळी मात्र तीच. उजेडासमोर धरून बघितली,
शारजाच्या अकराव्या दिवाळीत.

रात्रपाळीला शलाकाची मेल येते, बासेलहून.
मिरजेत आम्ही एका बाकावर होतो.
ती आता माणसांना अळंबीतलं औषध देते,
मोजून, कायद्यात बसवून,
आणि यंत्रात आडवं करून बघते
'मी' कुठे विरघळतो.
मीही तसलंच यंत्र चालवते इथे,
मणके, गुडघे, पडलेल्यांची डोकी.

तिची चित्रं : कपाळामागे थोडं,
थोडं मागे शेंडीच्या खाली,
एक जाळं आहे म्हणे,
काहीच करत नसलो की चालू होणारं.
मी काय म्हणाले, ती काय समजली,
त्या दिवशी मी गप्प का बसले,
असं पीठ नसताना फिरणारं जातं.
औषधाने त्याची लय सुटते
आणि एरवी बोलणं टाकलेल्या खोल्या
भिंतीतून एकमेकींना हाका मारू लागतात.
"लगेच अध्यात्मात शिरू नकोस," ती लिहिते,
"अठराच माणसं आहेत.
एक नुसता रडला, दोघांना उलट्या झाल्या."

यंत्रात ती त्यांना चेंडूचा खेळ देते.
पडद्यावर तिघं. मग हळूहळू
दोघं आपापसातच टाकत राहतात,
तिसऱ्याकडे चेंडू येतच नाही.
तेव्हा मेंदूत एक जागा पेटते.
औषध घेतलेल्यांत कमी.
माझी ती जागा मला यंत्राशिवाय ठाऊक आहे :
लिफ्टमध्ये, आणि पासपोर्टाचा रंग बघून
पगार ठरतो त्या टेबलाशी.

आता ती प्रश्नावली मराठीत करतेय, हौस म्हणून.
"इंग्रजीत एका शब्दात भागतं गं.
'आम्ही सगळे एकच' लिहू, की 'आपण'?
'आम्ही' म्हटलं की समोरचा बाहेर."
आणि 'आपण' म्हणजे तर मी एकटीसुद्धा,
अहो-जाहोतले तुम्हीसुद्धा,
एवढासा शब्द, त्यात तीन बिऱ्हाडं.
चार दिवस झाले, उत्तर दिलेलं नाही.

पहाटे गुलरेज आला, स्वाबीचा,
परांचीवरून पडलेला. डोकं शाबूत.
बाहेर निघताच म्हणाला, दिखाओ बाजी.
नियमात बसत नाही. दाखवलं.
काचेवर बोट ठेवून तो फिरला,
डोळ्यांचे गोळे, मेंदू, पुन्हा डोळे.
"इसमें मैं किधर हूँ?"
मी कपाळामागे दाखवणार होते.
मग वाटलं, मागे. मग
ब्लेसी म्हणाली, पुढचा पेशंट ताटकळलाय.

सुटले तर शुक्रवार उजाडलेला.
रोलामागच्या रिकाम्या प्लॉटवर
ऊन चढायच्या आत क्रिकेट.
टेप गुंडाळलेला चेंडू
माझ्या चपलेला लागून थांबला.
"बाजी, बॉल!"

टाकला. शाळेत टाकायचे तसाच, म्हणजे वाकडा.
थेट एका पिकअपखाली.
मग सगळे गुडघ्यांवर, मीही,
पर्स पाठीवर ढकलून.
अबायांच्या दुकानातला माणूस झाडू घेऊन आला,
कुणी पश्तोत, कुणी मल्याळीत सांगतंय,
डाव्या चाकाशी, थोडा इकडे, अजून इकडे.

फोन वाजतोय. शलाका, थांब जरा.
हाताला वाळू लागलीय,
खसखशीएवढी बारीक.